खाली पेट लेना

मले एका जागी बसणं कधी जमलंच नाही. त्या वर्षी तर नाहीच नाही. हिंदी मुलखात पोलादाचा नवा कारखाना उभा होऊन राहिला होता, मी भट्टीच्या कामावर फिटरच्या हाताखाली, आन् इकडं कामगारांच्या वस्तीत, कॅम्प-१ च्या खोलीत माझी आई थंड पडत चालली होती. भर वैशाखात गोधडी! चेहरा सुजलेला, आवाज घोगरा, चुलीपुढं बसल्या बसल्या झोपे. शेजारी म्हणे, "गावाले नेऊन सोड, आपल्या मातीत तरी जाईल." असा भडकलो मी त्याच्यावर!

दवाखान्यात डॉक्टरनं गळा चाचपला. म्हणे, गळ्यातली गाठ अंगात ऊब ठेवणारा रस तयार करत नाही, तो आता गोळीतून द्यायचा. डॉक्टर काय, कंपाउंडर काय, सारे हिंदीवाले. कंपाउंडर म्हणे, "माताजी, रोज सुबह खाली पेट लेना."

"काय म्हंते रे?" आईनं विचारलं.

तेवढ्यात कारखान्याचा भोंगा वाजला. "खाली पेट लेना म्हंते. चाल लवकर!"

दोन महिने गेले. फरक काडीचा नाही. डॉक्टरनं गोळी वाढवली, मग हात टेकले. म्हणे, गोळीनंही होत नसेल, तर माझ्याजवळ दुसरा इलाज नाही.

घरी येऊन मी ओरडलो, "गोळ्या खातं का फेकतं?"

आई रडाले लागली. "रोज लेऊन राहिली ना रे बापा! तूच तं सांगतलं." तिनं कमरेची गाठ सोडली. ओल्या फडक्यात गोळीचा चुरा, बेंबीखाली बांधलेला. खाली पेट, म्हणजे पोटाच्या खाली. अन् लेना? बाई काजळ लेते, कुंकू लेते, तशीच गोळी ल्याली ती. रोज सकाळी, आंघोळ करून.

मले हसूही येईना. लाज वाटली. एक शब्द समजावून सांगाले मले सवड नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते फडकं पाहून डॉक्टर तिच्यावर डाफरला, "किसने बताया ऐसा?" मी तोंड उघडणार, तं आईच मोडक्या हिंदीत बोलली, "लडके ने बराबर बताया था साहेब. मैंच भूल गई."

मी ते तसंच जाऊ देलं. ते अजून टोचते.

मग उपाशी पोटी, पाण्यासंगं गोळी गिळणं सुरू झालं. रोज मी समोर उभा राहून पाहो. पावसाळा सरता सरता एका सकाळी तिनं गोधडी पायानं लोटली. "किती उकडून राहिलं रे!"

भोंगा वाजला. मी तिच्याजवळ बसूनच राहिलो.