आठव्या दिवशी मांगरात

आमच्या सासूबाईंच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्याला आठ दिवस झाले होते. महिनाभर वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, चुलीच्या धुरात बसायचं नाही आणि उठताबसता काळा चष्मा, असं सावंतवाडीच्या डॉक्टरांनी मला चार वेळा बजावून सांगितलं होतं. मलाच, कारण सांगत असताना सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. आठव्या दिवशी सकाळी पाहते तर त्यांनी बोचकं बांधलेलं.

"खंय निघालात?" मी विचारलं.

"मांगरात. काजी पडाक लागले."

मांगर म्हणजे काजूच्या बागेतलं आमचं एका खोलीचं घर. फेब्रुवारीत बी पडायला लागली की सासूबाई, म्हणजे हौसाबाई परब, तिथे राहायला जातात, ते पाऊस दिसायला लागल्यावर खाली वाडीत उतरतात. मामंजी होते तेव्हा दोघं जायची, आता सात वर्षं एकट्याच. नवऱ्याने, म्हणजे सुशांतने, कुडाळहून फोनवर आरडाओरडा केला. त्यावर सासूबाई म्हणाल्या, "डोळो कापलो माझो, पाय न्हय." आणि जेवण सोडलं. जेवण सोडलं म्हणजे माझ्यासमोर सोडलं. दुपारी डब्यातले चार लाडू कमी झाले, ते मी सुशांतला सांगितलं नाही.

खरं कारण काजी नव्हतंच. खरं कारण होतं सांतान.

सांतान फर्नांडिसची बाग आमच्या बागेला लागून. मधला गडगा, म्हणजे नुसते चिरे रचून केलेली भिंत, मामंजी गेले त्याच पावसात दहाबारा पावलं ढासळला आणि पाचोळ्याखाली गेला. तिथे तीन जुनी झाडं आहेत, पिवळ्या बोंडूची, म्हणजे पिवळ्या फळाची. बी अशी टपोरी की मूठ भरायला फार लागत नाहीत. त्या झाडांखालची बी सासूबाई वेचत. पहिल्याच वर्षी सांतान म्हणाला, "वैनी, ती झाडां माझी, बुंध्यावरचो चुनो बघ." सासूबाईंनी बघितलं, त्यांना कुठे चुना दिसला नाही. मग त्यांनी तिठ्यावर, एसटीची वाट बघणाऱ्या वीसेक माणसांसमोर जाहीर केलं की माझो घोव गेलो तसो ह्या चोराचो हात सुटलो. त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून सांतान गप्प. त्याची बायको वेरोनिका नाताळात नेवऱ्या, म्हणजे करंज्या, पाठवायची, त्याही थांबल्या. सासूबाई म्हणत, चोर गप्पच बसतो.

तर आता आठ दिवस बाग मोकळी होती, आणि चोर शेजारी. त्या घरात कशा बसणार?

शेवटी तह झाला. त्या मांगरात जाणार, मी सोबत जाणार, दिवसातून सहा वेळा थेंब मी घालणार, त्या फक्त खुर्चीवर बसणार आणि चुलीपाशी मी. सासूबाईंनी सगळं कबूल केलं. इतक्या लगेच कबूल केलं तिथेच मला कळायला हवं होतं.

पहिल्या दिवशी त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर काळा चष्मा लावून बसल्या आणि माझी कंबर मोडली. "गो शर्मिला, थंय बी पडली. मागे, मागे. तुझ्या टाचेकडे. तुका दिसणा नाय?" पंधरा वर्षांत मला ज्या गोष्टी लपवता आल्या होत्या त्या एका दिवसात बाहेर पडल्या. तांदूळ मी नीट निवडत नाही, भांड्यांची बुडं घासत नाही, डोक्याला मेंदी लावते. संध्याकाळी त्या खूश होऊन म्हणाल्या, "डॉक्टर बरो आसा." मी त्या डॉक्टरांबद्दल मनात काय म्हटलं ते लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना ती तीन झाडं बघायची होती. काठी घेऊन, माझा हात धरून निघाल्या. सांतानने काय काय नेलं त्याची यादी वाटेतच तयार होती. झाडांपाशी पोचल्या आणि उभ्याच राहिल्या.

तिन्ही बुंध्यांवर, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, पांढराशुभ्र पट्टा होता.

आमच्याकडे हद्दीवरच्या झाडांना ज्याने त्याने आपली खूण करायची असते. मामंजी तांबडी काव लावायचे, सांतान चुना. मामंजींनंतर आमच्याकडे काव कोणी लावलीच नाही. तो चुना मी इतकी वर्षं दर रविवारी मांगरात डबा पोचवताना पाहत होते. मला वाटायचं वाळवीसाठी असेल. माझ्या डोळ्यांत तर मोतीबिंदूही नव्हता.

सासूबाईंनी चष्मा वर केला, खाली केला. मग म्हणाल्या, "औंदाच लायलो तेणां! मी हास्पिटलात होतंय, ता बघून! खरव बघूया."

चुन्याची पूड डोळ्यात जायला नको म्हणून खरवडायचं कामही माझं. मी कोयतीच्या टोकाने चुना खरवडला. एक पापुद्रा निघाला, त्याखाली दुसरा, मळका. त्याखाली तिसरा. सालीच्या भेगांत मुरलेले, शेवाळ धरलेले. मी नवापर्यंत मोजले आणि थांबले. सासूबाई थांबल्या नाहीत. त्यांनी मला तिन्ही झाडं खरवडायला लावली, आणि तिसरं झाल्यावर काठी टेकून पाचोळ्यात पाय फिरवला. गडग्याचा चिरा लागला. झाडांच्या अलीकडे, आमच्या बाजूला.

आम्ही मांगरात परत आलो. चहा ठेवला तो गार झाला. मला भीती वाटली की डोळ्यात काही गेलं.

"डोळो दुखता?"

"नाय."

गार चहा बाजूला सारून म्हणाल्या, "ती झाडां आमची न्हय. सहा वर्सां मी चोरी केलंय, आणि चोर तेका म्हटलंय."

मला त्यांची दया आली, हे खरं सांगते. म्हणून मी म्हटलं की गप्प राहिलात तर कोणाला कळणार आहे? सांतान सहा वर्षांत बोलला नाही, आता काय बोलणार? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की त्यापेक्षा अंधुक डोळा परवडला.

"तिठ्यार मोठ्यान बोललंय. माफी काय आपल्याच मांगरात बसान मागू?"

ऊन उतरल्यावर आम्ही सांतानच्या मांगराकडे निघालो. सकाळी मी त्या झाडांखालून वेचलेली बी टोपलीत होती. सासूबाई वाटेत दोनदा थांबल्या. एकदा म्हणाल्या पाय दुखतो, एकदा म्हणाल्या उद्या येऊ. माझ्या सासूबाई घाबरलेल्या मी त्याआधी पाहिल्या नव्हत्या.

सांतान अंगणात बी वाळत घालत होता. वेरोनिका पायरीवर बसली होती. आम्हाला बघून दोघंही उठली.

"सांतान," सासूबाई म्हणाल्या, "तीनय झाडां तुझी."

"माका म्हायत आसा, वैनी."

"मगे गप कित्याक रवलंस?"

"पयल्या वर्सा बोललंय. मगे एक दिवस बघलंय, तू पाचोळ्यात हात फिरवीत होतंस. एक बी सापडाक पाच येळा. तेवां कळला, तुका चुनो दिसणाच नाय. मगे काय भांडूचा?" त्याने टोपलीकडे बघितलंही नाही. "तुका पटवन दिलंय असतंय, तर शरमान तू मांगरात येवचाच बंद केलंस असतंस."

"तीन झाडांची बुडां हेच साफ करतत दर वर्सा," वेरोनिका म्हणाली. "तुझ्या पायात काटो जाव नये म्हणान. वाडयेत सगळी ह्येंका हसतत."

"सगळी?" सासूबाई म्हणाल्या. "वाडयेक म्हायत आसा?"

"सगळ्यांका. तुमका दोघींका सोडून."

माझंही त्यात नाव होतं, पण तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. सासूबाईंच्या चष्म्याखालून पाणी यायला लागलं. ऑपरेशननंतर रडलं तर चालतं का, हे डॉक्टरांना विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी पदर पुढे केला, त्यांनी तो बाजूला सारला आणि चष्माच काढला. मी काही म्हणायच्या आत त्या सांतानच्या अगदी समोर जाऊन उभ्या राहिल्या. त्याचे पांढरे केस, पडलेले दात, वाकलेले खांदे, सगळं सावकाश बघितलं.

"सांतान, इतको म्हातारो कधी झालंस रे तू?"

"सहा वर्सां लागली, वैनी," सांतान म्हणाला. "तू बघूक नाय."

सासूबाईंनी माझ्या हातातली टोपली घेतली आणि त्याच्या हातात दिली. त्यांनी हार मानलेली मी या घरात आल्यापासून पहिल्यांदाच पाहत होते, आणि मला त्याचा जराही आनंद झाला नाही.