ढगाच्या मागावर लटारूभाऊ

छत्री मी उघडली, हे आधीच कबूल करतो. वर काळंकुट्ट झालं होतं आणि माझ्या टकलावर एक टपोरा थेंब पडला होता. अशा वेळी सभ्य माणूस छत्री उघडतो. फक्त तो सभ्य माणूस तेव्हा पन्नासच्या वेगानं पळणाऱ्या मोटारसायकलच्या मागच्या सीटवर नसतो. छत्री भस्सकन उलटली. मी छत्रीबरोबर गेलो, लटारूभाऊ माझ्याबरोबर आले, आणि मोटारसायकल आम्हा दोघांच्या आधी रस्त्याकडेच्या बोडीत पोचली. बोडी म्हणजे आमच्याकडचं शेतातलं लहानसं तळं. मे महिन्यात तिच्यात पाणी नसतं, निव्वळ चिखल असतो. तो चिखल नसता तर हे लिहायला मी नसतो.

लटारूभाऊ उठले. त्यांनी माझी हाडं पाहिली नाहीत, गाडी पाहिली नाही. थेट वर पाहिलं.

"सर, पाहा पाहा! मागून दुसरा उठून राह्यला! गोबीचं फूल पाहून घ्या!"

माझा एक पाय अजून गाडीखाली होता. तरी मी पाहिलं. फुलकोबीसारखा ढग खरोखरच वर चढत होता. तीस वर्षं ब्रह्मपुरीला कॉलेजात मी फळ्यावर हाच ढग काढला, मुलांनी पाच मार्कांसाठी पाठ केला, पण त्याच्याखाली उभं राहायची वेळ निवृत्तीनंतर आली, तीही आडवं पडून.

मग लटारूभाऊंनी खिशातून मोबाइल काढला. त्यातून चिखल गळला. चेहरा एकदम उतरला.

"मेला," ते म्हणाले. "आता फडावर सांगू कसा?"

माझ्या फोनवर रेंजची एकही काडी नव्हती. सकाळी घरी पाहिलं तेव्हा त्याच फोननं 'आकाश निरभ्र' असं छातीठोक सांगितलं होतं.

हे लटारूभाऊ कोण, ते आधी सांगतो. तोवर ते हँडल सरळ करतील. ब्रह्मपुरीपासून वीस किलोमीटरवर, जंगलाला टेकून असलेल्या गावात त्यांचं पंक्चरचं दुकान आहे. वय पंचावन्न. होळी ते मिरग, हे तीन महिने दुकानाला बहुधा कुलूप असतं. दुपारी तीनच्या सुमारास वायव्येला काही उठलेलं दिसलं, की गिऱ्हाइकाचं चाक अर्धं खोललेलं टाकून हा माणूस त्या दिशेला निघतो. लोक वादळापासून पळतात. हे वादळाला आणायला स्टेशनवर जावं तसे जातात.

याची सुरुवात त्यांच्या लग्नात झाली. ऐन मुहूर्तावर वावधान आलं आणि मांडव उडाला. वऱ्हाडी शाळेत पळाले. नवरदेव मांडवामागे पळाला. दीड तासानं परत आला तो कनात खांद्यावर टाकून, ओलाचिंब, आणि मंगलाष्टकांच्या आधी त्यानं सासऱ्याला काय सांगितलं? "ढग पहाडीपाशी वळते, मामाजी! मी पाहिलो!" कमळाबाई हातात हार धरून उभ्या होत्या. त्या अजून म्हणतात, "तवाच समजाले पायजे होतं मले. पण पोया भाजून झाल्या होत्या."

तेव्हापासून वह्या भरतायत. कोणत्या तारखेला, कुठून उठला, कुठं फुटला, वारा आधी की थेंब आधी. मागे एकदा साळभावाकडे मोहर्लीला गेले होते. साळभाऊ, म्हणजे मेहुणा, वाघ दाखवायच्या जिप्सीवर ड्रायव्हर. पर्यटक झुडपांत डोळे घालून बसलेले, आणि लटारूभाऊ एकटे आभाळाकडे तोंड करून रस्त्यात उभे. थोड्या वेळानं चार गाड्या थांबल्या आणि बारा दुर्बिणी वर वळल्या. एका बाईंनी तर विचारलंसुद्धा, की इकडचे वाघ झाडावर असतात का.

पण वेडेपणातही शिस्त आहे. झाडाखाली कधी उभे राहत नाहीत. वीज चमकली की सासरच्यांची नावं घेतात, एका नावाला एक सेकंद. तीस नावं संपायच्या आत गडगडलं, की गाडी फिरवून पक्क्या घरात. "सासर मोठं असल्याचा हा एकच फायदा झाला मले," असं ते कमळाबाईंच्या देखत सांगतात. कमळाबाई म्हणतात, "माया मोठ्या मामाचं नाव टाकून देतेत हे. मरतीन एक दिवस त्याच एका सेकंदानं."

आता फड. मे महिन्यात आमच्या भागात अर्धं गाव पहाटे जंगलात तेंदूची पानं तोडायला जातं. पानांचे पुडे बांधून गावाबाहेरच्या मोकळ्या जागेवर ओळीनं वाळत घालतात. त्याला फड म्हणतात. पाऊस पडला तर पानावर डाग पडतात आणि पान वाया जातं. मग घाला ना ताडपत्री, असं शहाण्याला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण ओलसर हिरवे पुडे गोळा करून झाकून ठेवले, की आतल्या आत घामेजतात, तापतात, काळे पडतात. म्हणजे झाकावं तरी पंचाईत, न झाकावं तरी पंचाईत. ढग नक्की येणार की नाही, हे कुणीतरी सांगायला हवं.

गेल्या वर्षी लटारूभाऊंनी सांगितलं. फोन केला: येते, झाका. बायांनी धावपळ करून सगळं झाकलं. ढग आला, गावावर घुटमळला, रात्रभर नुसता गुरगुरला आणि पहाटे वैनगंगा ओलांडून पलीकडे गेला. फडावर एक थेंब नाही. सकाळी ताडपत्री उघडली तर पुड्यांतून चहाच्या किटलीसारखी वाफ. ठेकेदारानं हातसुद्धा लावला नाही.

यंदा ग्रामसभेनं फड कमळाबाईंच्या ताब्यात दिला. त्यांनी पहिल्याच दिवशी चाळीस बायांसमोर नवऱ्याला सांगून टाकलं होतं, "एक डाव चुकले, पाह्यलं. आवंदा चुकले तं तुमचा फोन कोनी उचलनार नाई. मी बी नाई."

हँडल सरळ झालं होतं, म्हणजे डावीकडे जायचं तर थोडं उजवीकडे वळवावं लागत होतं. आम्ही त्या अवस्थेत फडावर पोचलो.

तिथं लख्ख ऊन होतं! ढग पहाडीच्या मागे. पुडे शिस्तीत पसरलेले, बाया पळसाच्या सावलीत बसलेल्या. चिखलाचे दोन पुतळे गाडीवरून उतरलेले पाहून सगळ्या उठून उभ्या राहिल्या.

"काऊन व बाई," मंगली नावाची एक तोंडाळ बाई म्हणाली, "हे म्हशी कोनाच्या?"

"झाका," लटारूभाऊ म्हणाले. "येऊन राह्यला. अर्ध्या घंट्यात."

कुणी हललं नाही. मंगलीनं हात डोळ्यांवर धरून उन्हाकडे पाहिलं. "कुठी हाय? खिशात आनला का?"

कमळाबाई हसल्या नाहीत. त्यांनी एक पुडा उचलला, दाबून पाहिला. हिरवा होता, दोन दिवसांचा. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"सर, तुमी तं भूगोलाचे. तुमी सांगा. येते का नाई?"

चाळीस बाया माझ्याकडे पाहू लागल्या. मी घसा साफ केला. "शक्यता नाकारता येत नाही," मी म्हणालो.

"हे पगार घेत होते याचा?" मंगलीनं शेजारणीला विचारलं.

कमळाबाईंनी मला सोडून दिलं. "अवो करिष्माचे बाबा, माया डोळ्यांत पाहून सांगा. निरा पानी हाय का गार हाय?"

"गार."

"केवढी?"

गारेची मापं गावात सगळ्यांना ठाऊक आहेत. लटारूभाऊंनीच घालून दिलेली. चारोळीएवढी, बोराएवढी, आवळ्याएवढी. चारोळीला कुणी उठत नाही, बोराला म्हातारी माणसं लेकरांना आत बोलावतात. आवळा पडला होता तो दहा वर्षांपूर्वी, तेव्हा कौलं फुटली, दोन बकऱ्या गेल्या आणि मंगलीच्या सासऱ्याच्या डोक्याला सात टाके पडले.

लटारूभाऊंनी एकदा पहाडीकडे पाहिलं, एकदा बायकोकडे.

"आवळा," ते म्हणाले.

पुढचं सगळं फार झपाट्यानं झालं. "उठा व!" कमळाबाई ओरडल्या आणि चाळीस बाया पुड्यांवर तुटून पडल्या. सगळ्यांत पुढे मंगली. मीही चार पुडे उचलले, पैकी तीन सांडले. मग मला ताडपत्रीवर दगड ठेवायचं काम दिलं. पंचवीस मिनिटांत फड झाकला आणि आम्ही सगळे समाजमंदिरात. बाहेर ऊन तसंच.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. मंगली दारात बसून होती. "लय मोठा आवळा हाय वाटते," ती म्हणाली. "झाडाले पिकून राह्यला अजून." बाया हसल्या. कमळाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. ताडपत्रीखाली हिरवं पान तापत होतं, आणि तिथं तापत असलेलं एकटं पान नव्हतं. लटारूभाऊ भिंतीला टेकून काहीतरी पुटपुटत होते. जवळ जाऊन ऐकलं: "...सुधाकर, वच्छला, लहाना मामा, मोठा मामा..." मोठा मामा आज टाकला नव्हता.

मग वारा थांबला. ऊन कुणीतरी चिमटीत धरून उचलावं तसं गेलं. पहाडीवरून थंडगार झोत आला, पत्र्यावर एक 'टण्' वाजला, आणि मग दहा मिनिटं कुणाचं बोलणं कुणाला ऐकू आलं नाही. लटारूभाऊ मंदिरातला भाताचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, डोक्यावर पालथं घालून दाराकडे निघाले, मोजमाप घ्यायला. कमळाबाईंनी त्यांना सदऱ्याला धरून मागे ओढलं आणि खाली बसवलं. सदरा हातातच धरून ठेवला, थांबेपर्यंत.

थांबल्यावर बाया धावल्या. ताडपत्र्यांवर पांढरा सडा. त्या झटकून पुडे लगेच उघडे केले. कोरडे, हिरवे, जसेच्या तसे. कमळाबाईंनी एक पुडा नाकाशी नेला आणि नवऱ्याला इतकंच म्हणाल्या, "नवा मोबाइल घ्या. दुकान खोला, अन् घ्या."

लटारूभाऊ वही काढून लिहायला बसले होते. मी एक गार उचलून तळहातावर धरली. नीट पाहिली. दुसरी उचलली. तिसरी. मास्तरची खोड जात नाही.

"लटारूभाऊ," मी म्हणालो, "ही तर सगळी बोरं आहेत. यात आवळा एकही नाही. तुमचा अंदाज चुकला की!"

त्यांनी वहीतून मान वर काढली नाही.

"बोर म्हणलो असतो तं एक बाई उठली नसती, सर."