खांदा ओढू नका

"मॅडम, अजून एकदा ओढतो. आता बसेलच," निखिल म्हणाला. घामाने त्याचा ॲप्रन पाठीला चिकटला होता.

"हात लावू नकोस," मी म्हणाले.

बसवनगुडीतल्या आमच्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी. स्ट्रेचरवर कमलम्मा. वय सत्तरीच्या पुढे, घरी वीणेचे क्लास घेणाऱ्या. लग्नात जेवून उठल्या, ओल्या फरशीवरून पाय सरकला आणि उजवा खांदा निखळला. एक्सरेत फ्रॅक्चर नव्हतं, तेवढं नशीब.

खांदा म्हणजे उथळ वाटीत बसवलेला हाडाचा गोळा. तो वाटीतून सटकला की भोवतीचे स्नायू आवळून बसतात आणि त्याला परत आत येऊ देत नाहीत. निखिल आमचा नागपूरचा ज्युनिअर, न चुकता जिमला जाणारा. त्याने दोनदा ओढून पाहिलं. तो जितकं ओढी, तितके स्नायू आणखी घट्ट. बाई कळवळत होत्या.

"ऑर्थो सर बरल्वा?" त्यांच्या मुलाने मला कन्नडमध्ये विचारलं. सर येणार नाहीत का?

"नाने ऑर्थो," मी सांगितलं. मीच ती. हा प्रश्न मला नोकरी लागल्यापासून विचारला जातोय. माझी उंची बेताची, दंड काडीसारखे. हाडाचा डॉक्टर म्हणजे पैलवान, ही समजूत काही जात नाही.

नेहमीचा उपाय म्हणजे भूल. भूल दिली की स्नायू सैल पडतात. पण कमलम्मांचं पोट लग्नाच्या जेवणाने भरलेलं. उलटी होऊन ती फुप्फुसात जायची भीती. शिवाय आधीच्या एका ऑपरेशनला भूल दिल्यावर त्या थेट व्हेंटिलेटरवर गेल्या होत्या. मुलगा म्हणत होता, भूल नकोच. आणि थांबावं, तर उजव्या बोटांना मुंग्या यायला लागलेल्या. हाड नसेवर दाबत होतं. वीणेची तार छेडणारी बोटं तीच.

भूलतज्ज्ञ शैलजा मॅडम मला सीनियर. म्हणाल्या, "तुझ्याकडे दुसरं काही आहे?"

"आहे. जुनं आहे."

"कर. पण बोटं बधिर झाली तर मी रिस्क घेऊन थिएटरमध्ये नेणार."

कमलम्मांना आम्ही पालथं झोपवलं. उजवा हात स्ट्रेचरच्या कडेवरून खाली लोंबता. मी निखिलला म्हटलं, सलाईनच्या भरलेल्या बाटल्या पिशवीत घालून हाताला वजन लाव. मी मुलाला समजावून सांगायला बाहेर गेले. परत येऊन बघते तर खांदा फळीसारखा ताठ.

या पठ्ठ्याने पिशवी त्यांच्या हातात दिली होती! "कस के पकड़िए अम्मा," वर हेही. आणि त्या बिचाऱ्या जिवाच्या कराराने धरून होत्या. मूठ आवळली की वरपर्यंत सगळा हात आवळतो. मग स्नायू दमून सैल पडणार कधी?

मी पिशवी काढून घेतली. मनगटाला कापूस गुंडाळला, बँडेज बांधलं, पिशवी त्याला टांगली. मग स्टूल ओढून त्यांच्या तोंडाशी बसले.

"आता मी काय करायचं?" त्यांनी कन्नडमध्ये विचारलं.

"काहीच नाही."

ते त्यांना जमेना. हात सारखा वर खेचला जाई. म्हणून मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये गोष्ट सुरू केली. "ही युक्ती एकोणिसाव्या शतकातल्या एका अमेरिकन सर्जनची. हा आधी सैन्यात होता. मग शेअर बाजारात."

"शेअर बाजारात?"

"हो. ते सोडून युरोपात गेला आणि बायकापोरं असताना डॉक्टरकी शिकला."

"बायको काय म्हणाली?"

"ती आजारी असायची. फार जगली नाही."

"अय्यो पापा, बिचारी." त्या हळहळल्या. "मग?"

"मग मोठा सर्जन झाला. फ्रॅक्चरवर जाडजूड पुस्तकं लिहिली. त्या काळी निखळलेला सांधा चार माणसं लावून ओढायचे. हा म्हणाला, कापडी खाटेला भोक पाडा, त्यातून हात खाली सोडा, मनगटाला वजन बांधा. स्नायू दमले की हाड आपलं आपण घरी जाईल."

"आणि तोवर डॉक्टर काय करायचा?"

"बसायचा. माझ्यासारखा."

त्या खुदकन हसल्या. एक लांब श्वास सोडला. आणि माझ्या डोळ्यांदेखत खांद्याचा खळगा भरून आला, गोलाई परतली. आवाजसुद्धा झाला नाही.

"दुखायचं थांबलं की," त्या म्हणाल्या.

नाडी बघितली. दंडाला स्पर्श कळत होता. "बोटं हलवा," म्हटलं. त्यांनी निखिलच्या मनगटावर तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीने चालवलं, अगदी तालात. निखिलला त्याचा अर्थ लागेना. मुलाला मात्र कळलं, आई वीणेची तार छेडत होती; तो भिंतीकडे तोंड करून रडला. मला तर नाचावंसं वाटलं. शैलजा मॅडमनी नवा एक्सरे उजेडात धरला, "सरी", म्हणजे ठीक आहे, म्हणाल्या आणि चहा मागवला.

काही आठवडे हात झोळीत ठेवून कमलम्मांनी क्लास पुन्हा सुरू केला. निखळलेला खांदा दिसला की ओढायचं निखिलनेही सोडलं आहे. आता तो वजन मनगटाला बांधतो आणि स्टूलवर बसतो. बांधणं त्याला एका दिवसात जमलं. नुसतं बसून राहणं अजून जमत नाही.