हिरव्या शिरेचा दगड

गाझियाबादच्या त्या कारागिराचं नाव मी कधी विचारलंच नाही. आमच्या प्रयोगशाळेसाठी तो दगडांचे कागदाहून पातळ काप काढायचा. यंत्रावर धरण्याआधी दगड ओला करून त्यावर अंगठा फिरवायचा. एकदा मी लडाखचा दगड दिला, कधीकाळी समुद्रतळाखाली, पृथ्वीच्या पोटात असलेला. पाणी मुरून त्याचं निम्मं अंग हिरवं झालं होतं.

“हरा छोड़ दीजिए, असली पत्थर चाहिए,” मी म्हटलं.

त्याचा अंगठा हिरव्या शिरेवर थांबला. “मैडम, पानी अब इसी में रहता है. असली भी अब यही है.”

सगळाच कापायला सांगून मी घरी आले.

दिल्लीत वाढलेल्या लेकीचं मराठी मी रोज सुधारते. त्या संध्याकाळी ती म्हणाली, “आई, चल ना यार, चाय पिऊया.”

तिचं ‘चाय’ न सुधारता मी आधण ठेवलं.