तीन खुणांचा चष्मा

बस डेपोच्या 'हरवले-सापडले' खिडकीमागे बसून आमचा पुराव्या बावीस वर्षं न्यायदान करतो आहे. हे नाव अर्थातच लोकांनी ठेवलेलं. त्याचा नियम एकच: वस्तू न पाहता, खऱ्या मालकालाच ठाऊक असतील अशा तीन खुणा सांगा आणि घेऊन जा. एका म्हाताऱ्याला त्याने कवळी परत दिली नव्हती. "काका, तुमच्या तोंडात बसते एवढ्यावरून ती तुमची ठरत नाही." काका बोळक्या तोंडाने जे बोलले, ते सुदैवाने कुणालाच कळलं नाही.

तर हा ज्ञानी पुरुष एकदा स्वतःचाच चष्मा बसमध्ये विसरला. कंडक्टरने आणून दिला. "घ्या, तुमचाच आहे."

"कशावरून?" म्हणत पुराव्याने तो पेटीत टाकला. सात दिवसांत मालक आला नाही, तर वस्तू मोडीत!

शेजारच्या तिकीट खिडकीतून मी ओरडलो, "अरे, उचल आणि लाव डोळ्यांना!"

"आज मी पुराव्याशिवाय चष्मा घेतला, तर उद्या कुणीही सोन्याचं घड्याळ नेईल. माणसाने विवेकाने वागावं."

"मग सांग विवेकाने तीन खुणा."

"काळी फ्रेम."

"अर्ध्या गावाची काळीच आहे. पुढची?"

बारा वर्षं नाकावर बाळगलेला चष्मा पुराव्याने कधी पाहिलाच नव्हता. लावला की तो दिसत नाही, काढला की काहीच दिसत नाही! सहा दिवस त्याने अंदाजाने कारभार केला. एक प्रेशर कुकर 'हेल्मेट' म्हणून नोंदला गेला.

सातव्या दिवशी, खिडकी बंद व्हायच्या बेताला, वहिनी आल्या. "चष्मा माझा आहे."

"खुणा?" नवरा म्हणाला.

"डाव्या काडीला माझ्या निळ्या दोऱ्याची गाठ. उजव्या काडीचं टोक चावलेलं, तुमच्या विचारांच्या नादात. आणि उजव्या काचेवर चरा. माझ्याशी भांडताना आपटलात ना, तेव्हाचा."

पुराव्याने पेटीतून चष्मा काढून बोटांनी चाचपला. गाठ, दातांचे व्रण, चरा. चेहरा उजळला. "बरोबर! करा सही."

वहिनींनी सही केली आणि चष्मा पर्समध्ये टाकला.

"अहो, द्या ना!"

"का? माझा आहे. नोंदवहीत बघा."

"बघू कशाने?"

आता तो चष्मा त्याला रोज सकाळी उसना मिळतो. त्यासाठी तीन खुणा सांगाव्या लागतात. तिसऱ्या खुणेच्या वेळी, भांडणात चूक कुणाची होती, तेही सांगावं लागतं. उत्तर एकच ग्राह्य धरलं जातं.