काकडी लिहायची नाही!

आता तुम्ही चहा पिता पिता हसणारच आहात, तर हसा. पण एक गोष्ट आधी ठणकावून सांगते. वाद मीच जिंकला! गोष्ट माझ्या फजितीची आहे हे खरं, पण वाद मी जिंकला हेही तितकंच खरं, आणि ते माझ्याकडे डॉक्टरांच्या सहीनिशी लेखी आहे.

झालं असं. विश्रांतवाडीहून रोज बस धरून शनिवार पेठेतल्या शाळेत मी चौतीस वर्षं गणित शिकवलं. निवृत्त झाले, घरी बसले आणि माझी साखर काठावर येऊन ठेपली. डॉक्टर म्हणाल्या, "काकू, दोन महिने देते. तीन किलो वजन उतरवा. जे खाल त्याच्या कॅलरी मोबाइलवर बघायच्या आणि वहीत लिहायच्या. उतरलं तर उत्तम, नाहीतर गोळी सुरू."

गोळी! अहो, डोकं फुटायची वेळ आली तरी मी आल्याच्या चहावर भागवणारी बाई. शिवाय सकाळी फिरायला येणाऱ्या समस्त बायकांना मी बाकावर बसून काय ऐकवलं होतं माहितीये? "गोळ्या आळशी माणसांसाठी असतात!" आता कुठल्या तोंडानं गोळी घेणार? मला नुसत्या कल्पनेनंच लाज वाटत होती. उगाच वाटत होती, पण वाटत होती.

हीच शिक्षा त्याच डॉक्टरांनी आमच्या खालच्या मजल्यावरच्या नसीमभाभींनाही फर्मावली होती. भाभी ब्लाउज शिवतात. त्यांच्या दोन्ही मुली माझ्याकडे गणिताला यायच्या, म्हणून त्याही मला बाईच म्हणतात. दोघींनी एकाच दिवशी एकाच दुकानातून दोन वह्या आणल्या आणि दुसऱ्याच सकाळी फिरताना आमचं वाजलं.

"भाभी, हे काय लिहिलंय? काकडी, चार फोडी?"

"खाल्ली ना बाई."

"अहो, काकडी म्हणजे पाणी! पाणी कुणी लिहितं का?"

"आणि बाई, ही कोथिंबीर?"

"कोथिंबीर तर त्याहून नाही! काकडी, मुळा, दुधी, पालक, कोबी, वांगं, सगळं शून्य. लिहायचंच नाही. उगाच वही भरते."

भाभी शांतपणे म्हणाल्या, "मला नाही बाई एवढं कळत. तोंडात गेलं की वहीत गेलं. माझं आपलं सोपं आहे."

सातवीत शाळा सुटलेली बाई मला, चौतीस वर्षं फळा झिजवलेल्या बाईला, आकडेमोड शिकवणार? मी घरी आले आणि वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनानं लिहिलं: काकडी लिहायची नाही!

आमचे हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "वांग्याला कुठल्या कोट्यातून सूट दिलीस?"

मी 'नाही'खाली आणखी एक लाल रेघ मारली.

आणि काय सांगू, पहिल्या आठवड्यातच चमत्कार! नाश्त्याला दोन फुलके आणि कोशिंबीर. वहीत फक्त फुलके. जेवायला एक भाकरी आणि भरली वांगी. वहीत फक्त भाकरी. रात्री वाटीभर भात, ताकातला पालक आणि परत कोशिंबीर. वहीत वाटीभर भात. चहा बिनसाखरेचा. बेरीज केली तर एका दिवसाच्या सातशे कॅलरी! मी तीनदा बेरीज केली. गणित माझं आयुष्यात चुकलेलं नाही.

भाभी बिचाऱ्या चौदाशेच्या खाली उतरत नव्हत्या. मला त्यांची कीव यायची.

माझी वही बाकावर हातोहात फिरायला लागली. बायका पानं उलटून उलटून बघायच्या. "बाई, सातशेत भागतं कसं हो तुमचं?" मी म्हणायची, "शिस्त!" सहा जणींनी माझं ऐकून भाज्या लिहायचं सोडलं. एकीनं तर माझ्या वहीचा फोटो मोबाइलच्या ग्रुपवर टाकला. त्रेचाळीस बायकांचा ग्रुप! टाळ्यांच्या चित्रांनी माझा मोबाइल गरम झाला.

आणि उपाशी राहत होते म्हणाल तर अजिबात नाही. कोबीच्या वड्या केल्या, कोथिंबिरीच्या केल्या, पालकाची भजी झाली. शून्य, शून्य आणि शून्य! दुधी हलव्याला मात्र मी हात लावला नाही. त्यात साखर असते. तत्त्व म्हणजे तत्त्व.

एकदा हे स्वयंपाकघरात रिकामी बरणी हलवत उभे. "दाण्याचं कूट परत संपलं? महिन्यात तिसऱ्यांदा दाणे आणतोय. घरात खार वगैरे शिरली आहे का बघ."

"मग जा मंडईपर्यंत पायी. तेवढंच चालणं होईल," मी म्हटलं. मी तेव्हा हवेत होते हो.

मधे एक छोटीशी गोष्ट घडली. भाभींनी शिवून दिलेला नवा ब्लाउज दंडात बसेना. मी खाली जाऊन तक्रार केली, "भाभी, कापड आटलं वाटतं."

भाभींनी टेप लावली. टेपकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "बाई, कापड धुतल्यावर आटतं. हा अजून पाण्यात गेलेला नाही."

"मग तुमची टेप जुनी झाली!"

भाभींनी गुपचूप दोन्ही बाजूंनी शिवण उसवून दिली.

दोन महिने संपले. रक्ताचे रिपोर्ट घेऊन आम्ही दोघी एकाच रिक्षानं दवाखान्यात गेलो. आधी भाभी काट्यावर चढल्या. तीन किलो उतरलेल्या! मी मोठ्या मनानं त्यांची पाठ थोपटली आणि रुबाबात काट्यावर चढले.

दोन किलो वाढलेली.

मी खाली उतरले, चपला काढल्या, पर्स भाभींकडे दिली, परत चढले. दोन किलोच.

डॉक्टरांनी माझा रिपोर्ट पाहिला. साखरही वर गेलेली. मग वही पाहिली आणि त्यांचा चेहराच उतरला. "सातशे? सहाशे ऐंशी? काकू, इतकं कमी खाऊन वजन वाढतंय?" त्यांनी माझे घोटे दाबून सूज पाहिली, गळा चाचपला, डोळ्यांत बॅटरी मारली. "आपण सगळ्या तपासण्या करून घेऊ. थायरॉईड, किडनी, हृदय. काही राहायला नको."

खरंच सांगते, त्या क्षणी मला यांचा चेहरा आठवला, माझ्यामागे यांना साधा वरणभातसुद्धा लावता येणार नाही हे आठवलं आणि डोळ्यांत पाणी आलं. पण त्याही अवस्थेत एक गोष्ट मनाला खात होती. मरण आलं तर येवो, वाद अर्धवट नको!

"डॉक्टर, आधी एक सांगा. काकडी लिहायची की नाही?"

"काय?"

"कॅलरी मोजताना. काकडी, पालक, दुधी वगैरे. लिहायचं की नाही?"

डॉक्टर गोंधळल्या. "नाही लिहिलंत तरी चालेल, काकू. नुसत्या काकडीनं कुणी जाड होत नाही."

मी ताडकन उभी राहिले. कसली किडनी आणि कसलं काय! "ऐकलंत भाभी? ऐकलंत ना?"

"ऐकलं बाई," भाभी म्हणाल्या. "डॉक्टर, जरा यांना कोशिंबीर कशी करतात ते पण विचारा ना."

आता रेसिपी विचारल्यावर मी थांबते होय? आनंदाच्या भरात धडाधड सांगत सुटले. "दोन कोवळ्या काकड्या चोचवून घ्यायच्या. त्यात वाटीभर दाण्याचं कूट. हात आखडता घेतला की चव जाते. मूठभर ओलं खोबरं, सायीचं घट्ट दही आणि वरून साजूक तुपात जिरं-मिरचीची चरचरीत फोडणी. दोन चमचे तूप तरी हवंच."

डॉक्टरांचं पेन मधेच थांबलं. "आणि हे रोज?"

"दोन्ही वेळा."

"वहीत कुठे आहे?"

"लिहायचं कशाला? कूट काकडीतच होतं ना! काकडी शून्य, मग तिच्यातलं…"

मी तिथंच थांबले. चौतीस वर्षं ज्या चुकीला मी वर्गातल्या पोरांना बाकावर उभं केलं असतं, ती चूक माझ्या तोंडून बाहेर पडत होती. बेरजेच्या जागी शून्यानं गुणाकार! डॉक्टरांनी हिशेब करून सांगितलं, एका वेळच्या कोशिंबिरीच्याच कॅलरी पाचशेच्या पुढे. वड्या आणि भजी त्यांनी विचारलीच नाहीत. मीही आपणहून काढली नाहीत.

तपासण्यांचा कागद त्यांनी फाडला आणि दुसरा लिहायला घेतला. सकाळी एक गोळी, जेवणाआधी. मी म्हटलं, "लिहा, गोळी लिहा. पण खाली तेही लिहा."

"काय?"

"काकडी लिहायची गरज नाही. आणि सही करा."

त्यांनी हसत हसत लिहिलं. सही केली, शिक्कासुद्धा मारला!

परतताना रिक्षात मी भाभींचा हात घट्ट धरला. "भाभी, गोळीचं कुणाला बोलायचं नाही हं. ग्रुपमध्ये तर नाहीच. शपथ घ्या."

"शपथ बाई. माझ्या तोंडून एक शब्द जाणार नाही."

घरी पोहोचले. यांना कागद दाखवला. हे म्हणाले, "अभिनंदन." पण मला कुठला दम निघतोय! दोन महिने चाललेल्या वादाचा लेखी निकाल, शिक्क्यासह, माझ्या बाजूनं! मी कागद टेबलावर सपाट पसरला, छान उजेडात फोटो काढला आणि त्रेचाळीस बायकांच्या ग्रुपवर टाकून दिला. खाली लिहिलं, "बघा! डॉक्टर स्वतः काय म्हणतात ते नीट वाचा!"

बायकांनी नीट वाचलं. अगदी वरपासून वाचलं. वर माझं नाव, वय, वजन, त्याखाली गोळी, सकाळी एक, जेवणाआधी. काकडी सगळ्यात शेवटी होती.

या वेळी टाळ्यांचं एकही चित्र आलं नाही. मग माझ्या एकटीच्या मोबाइलवर नसीमभाभींचा निरोप आला: "बाई, अल्लाशप्पथ, मी कुणालाच सांगितलेलं नाही."