मोठ्या अक्षरांचं प्लगइन

परळला एका बातम्यांच्या वेबसाइटच्या ऑफिसात तो आणि मी शेजारी बसायचो. तो वरळीच्या बीडीडी चाळीतला. गेल्या वर्षी तापाचं निमित्त झालं आणि आठवडाभरात तो गेला.

काही महिन्यांनी साइट रखडायला लागली. वाचकाने मागितलेलं पान एकदा आणून जवळ ठेवायचं आणि पुढच्याला तिथूनच द्यायचं, असं काम करणारा मधला सर्व्हर असतो, प्रॉक्सी. तोच धापा टाकत होता. साहेब म्हणाले, "प्लगइन्स बघ. जोडत जोडत काय काय जमा झालंय कुणास ठाऊक."

टेस्टच्या सर्व्हरवर मी सगळी प्लगइन्स, म्हणजे प्रॉक्सीला वरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम, बंद केली. पानं झटकन यायला लागली. मग एकेक चालू करत गेले. त्यानं लिहिलेलं चालू केलं आणि वेग पडला. बंद केलं, वाढला. पुन्हा चालू केलं. दुसरं काहीतरी निघावं असं वाटत होतं.

ते प्लगइन जुन्या फोनवर अक्षरं मोठी करायचं. "आई फोन नाकाला लावून वाचते गं," असं तो हसत म्हणाला होता, आणि लिहायला बसला होता. पण फोन जुना की नवा हे बघण्याआधीच ते प्रत्येक पान उलगडून पुन्हा बांधायचं. मी तो क्रम बदलून पाहिला. मग प्रत्येक पानाच्या दोन प्रती, जुन्या फोनसाठी एक आणि नव्यासाठी एक, ठेवाव्या लागल्या आणि जागाच पुरेना.

"काढून टाक," साहेब हळू आवाजात म्हणाले. "तो असता तर त्यानंच काढलं असतं."

खरं होतं. मी काढलं. साइट पळायला लागली, कुणीतरी केक मागवला. मी जिन्यात जाऊन रडले.

रविवारी त्याच्या आईकडे गेले. काकी म्हणाल्या, "हल्ली अक्षरं बारीक येतात गं. फोन बिघडला वाटतं."

सेटिंगमध्ये जाऊन मी अक्षरं मोठी करून दिली. गप्प बसता आलं असतं. पण त्यांना कळायला हवं, असं वाटलं.

"काकी, फोन बरा आहे. तुमच्यासाठी त्यानं ऑफिसातून तशी सोय केली होती. मला ती बंद करावी लागली."

काकींनी फोन हातात घेतला. "मला कधी बोलला नाही." मग म्हणाल्या, "म्हणजे तो गेल्यावरसुद्धा, इतके दिवस, तोच करत होता?"

"हो."

"आणि आता नाही."

"नाही, काकी."

त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला. मी जवळ सरकून बसले.